एकवीस दिवसांची सुई

आधी एक अट मान्य करा. या प्रवासात तुम्ही बाई आहात, वय 22, पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीवरच्या. पुरुष वाचकांनाही सूट नाही. पुढे येतोय तो आजार बायकांच्याच वाट्याला जास्त येतो, तेव्हा लेखात तरी त्यांची बाजू बदलायला नको.

सातवा महिना चालू आहे. दिवस कसाबसा निभतो, रात्र निभत नाही. आडवं पडलं की छातीवर कुणी ज्वारीचं पोतं ठेवल्यासारखं होतं. म्हणून तुम्ही गोधड्यांची चवड भिंतीला लावून तिला टेकून बसता आणि बसल्या बसल्याच डोळा लागला तर लागतो. सासू म्हणते, पहिलटकरणीला असं व्हायचंच. ती चुकतेय, पण तिला ते कळण्याचं काही कारण नाही.

फुप्फुसातून स्वच्छ होऊन आलेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या कप्प्यात येतं आणि एका झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं. डॉक्टर तिला मायट्रल म्हणतात, गावात नुसतं ‘वॉल’. ही झडप पुरती उघडली की वाट चार ते सहा चौरस सेंटिमीटरची, म्हणजे जुन्या स्टीलच्या एक रुपयाच्या नाण्याएवढी. तुमची एक चौरस सेंटिमीटर उरलीय. शर्टाचं बटण. खरं तर बटणाचं काजच, कारण दोन्ही पाकळ्या कडेला एकमेकींना चिकटल्यात आणि मध्ये फक्त फट राहिलीय. एरवी ही फट तुम्हाला पुरत होती. पोटात बाळ आलं की अंगातलं रक्त जवळपास निम्म्यानं वाढतं, आणि काज तेवढंच राहतं.

आता साल बदलत जाऊ. गाव तेच, वय तेच, काज तेच.

1905. बैलगाडी करंजीचा घाट ओलांडून नगरला येते. अमेरिकन मराठी मिशनचं बायकांचं हॉस्पिटल इथे नुकतंच उभं राहिलंय, डॉ. ज्युलिया बिसेल यांच्या पुढाकारानं. बायकांना बाईनंच तपासायचं हा तिथला रिवाज, म्हणूनच घरच्यांनी गाडी जुंपली. डॉक्टरीणबाई नळीचं टोक तुमच्या डाव्या स्तनाखाली टेकवतात, डोळे मिटतात आणि बराच वेळ हलत नाहीत.

ही नळी आली तीही अशाच एका बाईमुळे. 1816 साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरपुढे हृदयविकाराची एक तरुण बाई बसली होती. तिच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकलं. संकोचातून इतकं कामाचं काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

डॉक्टरीणबाई ऐकतायत ती घरघर खालच्या पट्टीतली असते. रात्री दौंड-मनमाड लायनीवरून मालगाडी लांब गेली, की शेवटचा आवाज कानाला कमी आणि जमिनीतून पायाला जास्त लागतो, तशी. त्यांना आजाराचं नाव नक्की ठाऊक आहे. आत काय चिकटलंय हेही. तीनच वर्षांपूर्वी, 1902 मध्ये, लॉडर ब्रंटन या लंडनच्या नामांकित डॉक्टरानं ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की ही चिकटलेली झडप शस्त्रानं मोकळी करता येईल. धंद्यातल्या लोकांनी त्याच्यावरच टीकेची झोड उठवली. हृदयाला हात लावायचा नाही हा त्या काळचा सोवळेपणा.

म्हणून तुम्हाला डिजिटॅलिसचा अर्क मिळतो, मीठ बंद होतं आणि खाटेवर बसून राहायला सांगतात. चार दिवस बरं वाटतं. मग कळा येतात. बाळाचं रडणं तुम्हाला ऐकू येतं. बाळंतपण झालं की गर्भाशय आवळतं आणि तिथलं रक्त एकदम हृदयाकडे परततं. फटीतून ते जात नाही, मागे फुप्फुसात तुंबतं. पहाटे तोंडाला गुलाबी फेस येतो.

चला, पुढचं साल.

1943. नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद ऑगस्ट 42पासून अडकून पडलेत. तुम्ही पुन्हा त्याच हॉस्पिटलच्या दारात आहात. ते आता सॅल्व्हेशन आर्मीकडे आलंय आणि नगरकर त्याला ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणू लागलेत. औषधं जवळपास तीच. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्यात आणि दोन्ही तुमच्या उपयोगाच्या नाहीत. 1925 मध्ये लंडनच्या सूटर या सर्जननं एका मुलीच्या हृदयात बोट घालून झडप चाचपली, मुलगी वाचली, आणि नंतर एकाही डॉक्टरनं त्याच्याकडे दुसरा पेशंट पाठवला नाही. दुसरी गोष्ट पेनिसिलिन. 1941च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला एका पोलिसावर ते वापरून पाहिलं. साठा एवढासा, की त्याच्या लघवीतून ते गाळून काढून परत त्यालाच टोचत होते. तरी संपलं, आणि पोलीस गेला. आता थोडंफार तयार होतंय, पण ते लढाईवर जातं. या सालात थांबण्यासारखं काही नाही.

1957 मात्र थांबण्यासारखं आहे.

नगरच्या स्टेशनावर रात्रीची गाडी. थर्ड क्लासच्या बाकावर तुम्ही खिडकीशी बसून, नवरा खाली वळकटीवर, मोठे दीर उभे. दौंडला गाडी बदलायची, पुढे पुणे, पुढे मुंबई. परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकात अशी ऑपरेशनं होतात, हे नगरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय. नवऱ्यानं ती चिठ्ठी टोपीत ठेवलीय.

पुणं सुटल्यावर थोड्या वेळानं डाव्या-उजव्या बाजूला माळ लागतो आणि पिंपरीचं स्टेशन मागे जातं. इकडे नीट पाहा. इथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात 1955पासून पेनिसिलिन तयार होतंय, आपल्या देशातलं, सरकारी. तुमच्या झडपेची कहाणी सुरू झाली ती घशातल्या एका जंतूपासून, आणि त्या जंतूला मारायला ते औषध पुरेसं होतं. तेरा वर्षं उशीर झालाय, एवढंच. गाडी थांबत नाही. तुम्ही छाती कापून घ्यायला निघालाय आणि वाटेत ती सुई मागे पडते, जी वेळेवर बसली असती तर हे तिकीट काढावंच लागलं नसतं.

परळच्या त्या टेबलावर तुम्ही भूल घेऊन झोपलात, तरी आपण पाहू. डाव्या बाजूनं बरगड्यांमधून छाती उघडलीय. हृदय चालू आहे, थांबवलेलं नाही. वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक पदर असतो. सर्जन त्याच्याभोवती गोल टाका घालतात, बटव्याला नाडी ओवावी तसा. मग पदराला छेद देतात आणि उजव्या हाताची तर्जनी आत सारतात. साहाय्यक नाडी आवळतो, म्हणजे बोटाच्या कडेनं रक्त बाहेर येऊ नये. आता दिसत काहीच नाही. जे आहे ते बोटाच्या पेराला. रक्ताचा गरम लोट, आणि त्याच्या तळाशी कडक, राठ ओठांची फट. दर ठोक्याला ती बोटावर आदळते. बोट फटीत घातलं की हृदयाची वाटच बंद होते, म्हणून घाई करायची, आणि चिकटलेल्या कोपऱ्यावर नेमका दाब द्यायचा. जास्त दाबलं तर पाकळी फाटते आणि झडप गळायला लागते, तो आणखी वेगळा जाच. नेमकं दाबलं तर कोपरा सुटतो. मटाराची शेंग शिवणीवर दाबली की उघडते, तसा. मग दुसरा कोपरा. बोट बाहेर, नाडी आवळली, गाठ मारली.

हे तंत्र 1948 मध्ये पक्कं झालं. त्या जूनमध्ये फिलाडेल्फियात बेली आणि बोस्टनमध्ये हार्केन यांना एका आठवड्याच्या आत यश मिळालं, सप्टेंबरात लंडनमध्ये ब्रॉक यांना. बेलींचे आधीचे बहुतेक पेशंट दगावले होते. तुम्हाला टेबलावर यातलं काही माहीत नाही, आणि माहीत नसलेलंच बरं.

आठव्या दिवशी तुम्ही वॉर्डात आडव्या होऊन झोपता. पाठीला उशी एकच. नवरा रात्री दोनदा उठून तुमच्या नाकाशी हात धरून पाहतो, कारण तुम्ही इतक्या गुमान झोपल्याचं त्यानं आजवर पाहिलेलं नाही.

1972. दुष्काळ. तुम्ही दुष्काळी कामावर खडी फोडताय आणि दुपारी सुकडी मिळते. घमेलं उचललं की धाप लागते. मुकादमाला वाटतं, अंग चोरते. मुंबईला जायचं तर बैल विकावे लागतील, आणि ते आधीच विकलेत.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोन वर्षांपूर्वी येऊन राहिलेत. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, कित्येक दलित, आरोग्याचं काम शिकवायचं ही त्यांची रीत. पुढे 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अशा बाईच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसला तरी चालतं. तिनं विचारायचं असतं एवढंच: “रातच्याला आडवी पडतीस का, का बसून असतीस?” तुमच्या आयुष्यात हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसतो. पुढे लघवीवाटे पाणी काढायची गोळी आणि डिगॉक्सिन मिळतं, बाळंतपण दवाखान्यात होतं, बसल्या अवस्थेत, डॉक्टर उशाशी. काज तेवढंच आहे. पण या सालात तुम्ही बाळासकट घरी येता.

1993. इथे कथेला थोडा तिढा आहे. या सालातली तुमची झडप काजाएवढीच, पण चुना साचून दगड झालेली. पोटात बाळ नाही, पहिलं होऊन पाच वर्षं झालीत. बोटानं सुटण्यासारखं आता काही नाही. झडप बदलावी लागेल.

बदली झडप 1960 मध्ये आली. अमेरिकेत स्टार या सर्जननं एडवर्ड्स या निवृत्त इंजिनिअरच्या मदतीनं पिंजऱ्यात गोळी ठेवलेली झडप बसवली आणि माणसं जगू लागली. पण परदेशी झडपेचा खर्च उसाच्या टोळीत कोयता चालवणाऱ्या जोडप्याच्या आवाक्यातला नव्हता. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वल्यथन यांनी आपली झडप करायला घेतली. पहिले नमुने चाचणीतच बाद झाले. अखेर टिकला तो साधा वाटावा असा: कठीण मिश्रधातूची चौकट, आणि तिच्यात कलती होणारी प्लास्टिकची चकती, अतिशय घट्ट पॉलिथिनची. 6 डिसेंबर 1990 ला ती पहिल्यांदा माणसात बसली. ज्यातून पाण्याच्या टाक्या बनतात त्याच्याच गोतावळ्यातला हा पदार्थ, आणि तो दिवसाला लाखभर वेळा उघडझाप करतो.

ती आता तुमच्यात आहे. छातीच्या मध्यावर वीतभर व्रण. रात्री वाडी शांत झाली की टक, टक, टक. पाच वर्षांचं पोर छातीला कान लावून विचारतं, आई, तुझ्यात घड्याळ हाय?

आणि गोळी. रक्त पातळ ठेवायची, रोज, ठरल्या वेळेला, मरेपर्यंत. यंत्राच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून. या गोळीचं कूळ ऐकण्यासारखं आहे. 1933च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड आणि डबाभर रक्त घेऊन बर्फातून विद्यापीठात पोचला. रक्त गोठतच नव्हतं. जनावरांनी बुरशी लागलेला चारा खाल्ला होता. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्या चाऱ्यातलं द्रव्य काही वर्षांनी शोधून काढलं, त्यावरून वॉर्फरिन झालं, आणि 1948 मध्ये ते बाजारात आलं उंदराचं औषध म्हणून. माणसांना मिळालं 1954 मध्ये. भिजलेला कडबा जनावरापुढे टाकू नये हे नगर जिल्ह्यात पोराटोरालाही कळतं. त्यातून औषध निघेल हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

डॉक्टर सांगतात, दर महिन्याला रक्त तपासायचं. आकडा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. मेथी, शेपू, पालक खा, पण आठवडाभर नाही आणि मग एकदम जुडीभर, असं नको, कारण भाजीतलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. पुन्हा दिवस गेले तर ही गोळी बाळाला घातक, आधी येऊन सांगायचं. तुम्ही मान हलवता. मग विचारता, “ऊस तोडायला चालंल का?”

डॉक्टर गप्प बसतात. उसाची पात ब्लेडसारखी कापते, आणि हातात कोयता. गोळीवर असलेल्या माणसाचं रक्त लवकर थांबत नाही. दुसरीकडे मुकादमाची उचल फिटायचीय, ती ऑपरेशनलाच खर्च झालीय. त्या वर्षी दिवाळीनंतर टोळी निघते तेव्हा तुम्ही गाडीत असता, दोन्ही हातांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळून. गोळ्यांची पुडी तिखटाच्या डब्यात.

2018. करंजी घाटातून एसटी, नगरला तास-दीड तासात. जिल्ह्यातच आता हृदयाचे दवाखाने आहेत. नगरमध्ये चिचोंडीत जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजींच्या नावाचं, शिर्डीला साईबाबा संस्थानचं, लोणीला प्रवरेचं. काउंटरवर आरोग्यमित्र रेशनकार्ड मागतो, पिवळं की केशरी ते पाहतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची ही खिडकी. आधी ती राजीव गांधींच्या नावानं होती, 2013च्या अखेरीस साऱ्या राज्यात पोचली. नावं बदलतात. रांग तीच, पण ती पुढे सरकते.

टुडी इकोच्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही कुशीवर, छातीवर गार जेल. पडद्यावर करड्या रंगात काहीतरी फडफडतंय. तंत्रज्ञ त्या फटीभोवती टिंबांची रेघ ओढतो आणि कोपऱ्यात आकडा उमटतो: 1.0. साऱ्या प्रवासात तुम्ही आपलं काज पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहताय.

सातवा महिना आहे म्हणून पोटाला शिशाचा पत्रा गुंडाळलाय. तुम्ही जाग्या आहात, जांघेत फक्त सुन्न करायचं इंजेक्शन. तिथल्या शिरेतून बारीक नळी वर हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाते, मधला पडदा सुईनं भेदून डाव्या कप्प्यात शिरते, आणि तिच्या टोकाचा मिटलेला फुगा झडपेतून खाली उतरतो. इनोऊए या जपानी सर्जननं 1982 मध्ये पहिल्यांदा हे केलं. रबराच्या दोन थरांत जाळी घालून त्यानं फुगा असा बनवला की आधी पुढचा भाग फुगावा, मग मागचा, म्हणजे डमरू तयार होतो आणि झडप त्याच्या कमरेत पक्की धरली जाते. शेवटी कमर फुगते. पडद्यावर डमरूच्या कमरेची खाच एकदम नाहीशी होते. चार-पाच सेकंद. फुगा खाली. तुम्ही नकळत एक लांब श्वास घेता आणि तो अडखळत नाही. परळच्या सर्जनच्या बोटाचंच हे काम, शिवण तीच, फक्त छाती बंद.

शेजारच्या खाटेवरचे आजोबा विचारतात, आमचा वॉलपण असाच होईल का? त्यांची झडप वेगळी, महाधमनीच्या तोंडाची, वयानं चुना धरलेली. तिच्यासाठी फ्रान्समधल्या रुआँ गावात क्रिबिए यांनी 2002 मध्ये नळीतूनच अख्खी नवी झडप बसवली. तिच्या किमतीचा आकडा ऐकून आजोबांचा मुलगा व्हरांड्यात जाऊन उभा राहतो.

आता शेवटचं साल, आणि ते तुम्हीच ठरवा. 1985 घ्या, 2005 घ्या, नाहीतर यंदाचा गळीत हंगाम. वय मात्र 9.

कारखान्याच्या तळावर कोप्यांची रांग. बांबू वाकवून वर पाचट आणि प्लास्टिकचा कागद. आत आई, बाप, चुलता, चुलती, तुम्ही, धाकटा. सहा माणसं एका वाकळेखाली. एकाला खोकला आला की सहाही तोंडांवरून जातो. टोळी पहाटे तीनला फडात जाते आणि तुम्ही धाकट्याला सांभाळायला मागे. गावच्या शाळेत तपासणीचं पथक येतं, पण तेव्हा तुम्ही तिथे नसता. तळावर मुलांसाठी साखरशाळा असली तर असते.

घसा धरलाय. गिळताना काटा टोचल्यागत. ताप आहे. दोन दिवसांत आपोआप उतरतो आणि सगळे विसरतात. हा जंतू स्ट्रेप्टोकोकस. तो मरतो, पण त्याच्याशी लढायला शरीरानं जी फौज उभी केली ती आता माणसं ओळखेनाशी होते. जंतूच्या अंगावरचे काही भाग झडपेच्या पेशींसारखे दिसतात. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो उतरतो, मग घोटा, मग मनगट. आई म्हणते वारं भरलं. सांध्यांना हा ताप चाटून जातो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोक पूर्वीपासून सांगत आलेत. चावा दिसायला दहा-बारा वर्षं लागतात, म्हणजे लग्न, म्हणजे सातवा महिना.

घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन मिळालं तर हे सारं टळतं. नऊ दिवस. तेवढ्यात टोळी तीन फड संपवते.

तुमचे ते नऊ दिवस गेलेत. गुडघ्यावर मात्र कुणाचं तरी लक्ष गेलं आणि बापानं मोटारसायकलवर घालून सरकारी दवाखान्यात आणलं. आता दर एकवीस दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिन, निदान एकवीस वर्षांची होईपर्यंत, झडपेला धक्का दिसला तर त्याहून पुढे. म्हणजे पुन्हा घसा धरला तरी पुन्हा चावा नको. स्वस्त औषध, पण कधीकधी मिळतच नाही, आणि रिअ‍ॅक्शनच्या भीतीनं पुष्कळ डॉक्टर ते टोचायलाच तयार नसतात.

सिस्टर आधी हातावर थेंबभर टोचून पाहतात. अर्धा तास बाकावर. फोड आला नाही. मग कुपीत पाणी घालून ती हलवतात, हलवतच राहतात. आतलं दुधासारखं पांढरं औषध बसलं तर सुईत अडकतं. जाड सुई. “ढिली सोड गं, घट्ट धरू नको.” कुल्ह्यात आग उतरते, ती मांडीपर्यंत. तुम्ही रडत नाही, बापाच्या शर्टाची बाही चावता.

सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजतात आणि कार्डावर तारीख लिहितात.

“बरोब्बर एकवीस दिवसांनी. एक दिवस इकडंतिकडं नाही. तेव्हा कुठं असाल, दादा?”

बाप कार्ड घेतो, उलटं-सुलटं बघतो आणि टोपीत ठेवतो.

“मुकादम सांगंल तिथं.”